खेळ मागण्यापूर्वी यंत्र पाहावे

आमच्या संगणक कक्षातील बहुतेक यंत्रे माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने दिलेली, पण वापरून जुनी झालेली. मुलांनी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा व्यूहरचनेचा खेळ मागितला, तेव्हा १९९९ सालचा खेळ कोठेही चालेल असे आम्ही गृहीत धरले. वसतिगृहाच्या मंद इंटरनेटवर दोन रात्री जागून तो उतरवला. पण तो उघडेचना.

चूक आमचीच. मूळ खेळास ३२ एमबी रॅम पुरे होती. आम्ही घेतलेली २०१९ची नवी आवृत्ती मात्र किमान ४ जीबी रॅम, ३० जीबी मोकळी जागा आणि ६४ बिट विंडोज १० मागते.

‘धिस पीसी’वर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास प्रोसेसर, रॅम आणि विंडोज ३२ बिट की ६४ बिट, हे एके ठिकाणी दिसते. ग्राफिक्स कार्डाचे नाव ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये मिळते. आम्ही रॅम ४ जीबी पाहून समाधान मानले. खालचीच ‘३२ बिट’ ही ओळ वाचली नाही. त्याच ओळीत प्रोसेसर ‘एक्स ६४’ असल्याचेही लिहिले होते. म्हणजे यंत्र नव्हे, केवळ विंडोज बदलायचे होते! नव्या संगणकांसाठी पालकांकडे वर्गणी मागण्याचा विचार आम्ही तेथेच सोडला.

एक मात्र ध्यानी ठेवावे. आरंभी तीन गावकरी असतात, तोवर कोणतेही यंत्र चपळ भासते. सैन्ये शेकड्यांत गेली की प्रत्येक शिपायाची वाट शोधताना प्रोसेसर दमतो. म्हणून मोठा नकाशा घेऊन, डाव भरात येईपर्यंत खेळून पाहावे.