बॉक्स लावण्याआधी वायर बघा

केबलचं जुनं प्रक्षेपण बंद करायची मुदत नाशिक शहराला ३१ मार्च २०१३ ची होती आणि आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या खेड्यांना ३१ मार्च २०१७ ची. मधल्या चार वर्षांत शहरातले नातेवाईक एवढंच सांगायचे, “बॉक्स घ्यावा लागेल.” बॉक्स घरात आल्यावर काय काय निघतं, ते कुणी सांगितलं नाही.

सगळ्यात आधी वायर. जुन्या सिग्नलला काहीही चालायचं. वायर तुटली की सोलून पीळ मारायचा, वर चिकटपट्टी गुंडाळायची. पडद्यावर मुंग्या दिसायच्या, पण मालिका चुकायची नाही. डिजिटलला असलं अर्धंमुर्धं जमत नाही. सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र लख्ख, आणि जरा कमी पडला की चौकोन चौकोन होऊन सगळं गोठतं. गावात जो तो बॉक्सला शिव्या घालत होता. आमच्याकडे दोष निघाला पत्र्याखालच्या पीळ मारलेल्या जोडाचा. बसवायला माणूस येईल तेव्हाच खांबापासून टीव्हीपर्यंत एकसलग वायर ओढून घ्या, टोकाला नवी पिन मारून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

टीव्ही जुना डबा असेल तर त्याची पाठ बघून ठेवा. पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांची भोकं नसतील तर साधा बॉक्स जोडता येत नाही, मॉड्युलेटर लागतो. आत दुसरा टीव्ही असेल तर त्याला वेगळा बॉक्स. एकाच बॉक्सवर दोन्ही चालवले तर दोन्हीकडे एकच चॅनेल दिसतं.

आत्याबाईंनी नाशिकहून त्यांच्याकडचा पडून असलेला बॉक्स मोठ्या कौतुकाने पाठवला. दिवा लागला, चित्र काही येईना. ज्या कंपनीचा बॉक्स, तो तिच्याच सिग्नलवर चालतो. उद्या आपल्या केबलवाल्याने वरची कंपनी बदलली तर चांगला चालता बॉक्सही भंगारात जातो. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: बॉक्स विकत की भाड्याने? अनामत परत मिळणार का? पावती हातात घ्या, तोंडी हिशोब नको. बॉक्सच्या पाठीवरचा नंबर त्याच पावतीवर लिहून घ्या.

सासूबाईंचं दुखणं वेगळं. आता रिमोट दोन झाले. त्या टीव्हीच्या रिमोटवर चॅनेल बदलायच्या, पडदा निळा व्हायचा आणि मला चुलीपुढून उठावं लागायचं. शेवटी त्या रिमोटची चालू-बंद सोडून बाकी बटणं चिकटपट्टीने झाकून टाकली आणि सह्याद्रीचा नंबर भिंतीवर ठळक लिहिला. हे मात्र पहिल्याच दिवशी करा.

मळ्यात राहणाऱ्यांपर्यंत केबल पोचतच नाही. त्यांना दूरदर्शनची फ्री डिश बरी. २००४ पासून आहे, महिन्याचं भाडं नाही. आपल्याकडून तिचं तोंड आग्नेयेला लागतं. त्या बाजूला नारळ, निलगिरी आड येत नाही ना, ते बघूनच छत्री बसवा, आणि झाड आज लहान असलं तरी जागा बदला. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने जातात. आज दिसणारं चॅनेल पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही, तेव्हा एका मालिकेसाठी छत्री घेऊ नका.