गोपनीय अहवाल : हिताचा की घाताचा?

प्रश्न : वार्षिक मूल्यमापनाने कर्मचाऱ्याचे नुकसानच अधिक होते का?

उत्तर : मूल्यमापनापेक्षा त्यातील गुप्तता अधिक घातक ठरते. भारतातील सरकारी नोकरीत गोपनीय अहवाल दीर्घकाळ साहेबांच्या कपाटातच राहत असे. कळवला जाई तो फक्त प्रतिकूल शेरा. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नव्हे, म्हणून तो कळवला जात नसे. सीमा सडक सेवेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांची बढती मात्र नेमक्या याच शेऱ्याने अडवली, कारण अधीक्षक अभियंतापदासाठी पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ शेरा आवश्यक होता. (स्तुतीच आड यावी, ही सरकारी भाषेची किमया!) प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. २००९ मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि त्यावर १५ दिवसांत निवेदन देण्याची तरतूद केली.

खासगी कंपन्यांतील दोष वेगळा. ठरावीक टक्के लोक तळाला बसवायचेच, असे ठरल्यावर उत्तम गटातही कोणीतरी नापास होतो आणि सहकारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी बनतात. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली.

मूल्यमापनच बंद केले तर बढतीत मर्जीचे राज्य येते. म्हणून लेखी, उघड शेरा हवाच. कामातील सुधारणेची चर्चा मात्र वेतनवाढीपासून अलग आणि वर्षभर चालावी. शेरा पटला नाही, तर केंद्रीय कर्मचाऱ्याने मुदतीत लेखी निवेदन द्यावे.