मराठी संकेतस्थळाची डागडुजी : आधी काय, मग काय

आपले संकेतस्थळ कार्यालयातल्या वायफायवर झरकन उघडते, पण बहुतेक वाचक ते साध्या अँड्रॉइड मोबाइलवर, एसटीत बसून, नेटवर्क येत-जात असताना उघडतात. दुरुस्ती त्यांच्या सोयीने आणि पुढील क्रमाने करावी.

१. आधी मोजावे. गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स' या मोफत साधनात पानाचा पत्ता देऊन 'मोबाइल'खालचा निकाल पाहावा. एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा. आयएनपी, म्हणजे बोट टेकवल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत. सीएलएस, म्हणजे पान उघडताना मजकूर किती सरकतो त्याचे माप, ०.१ च्या आत. आतली पानेही तपासावीत. शोध घेत येणारे वाचक थेट तिथेच पोहोचतात.

२. मग छायाचित्रे. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवला, तर त्याचे वजन सहज काही एमबी भरते. रुंदी १२०० पिक्सेलच्या आसपास आणून तो वेबपी स्वरूपात साठवावा. खालच्या चित्रांना 'लेझी लोडिंग' लावावे. वाचक जवळ आला की मगच ती उतरतात. सर्वांत वरच्या चित्राला मात्र ते लावू नये, एलसीपी तिथेच बिघडतो. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये नोंदवावी, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा आधीच राखून ठेवतो.

३. फॉन्टकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण मराठी संकेतस्थळे इथेच मार खातात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड होते. म्हणून साधा आणि ठळक असे दोनच प्रकार ठेवावेत, फाइल वॉफ-२ स्वरूपात असावी आणि 'फॉन्ट-डिस्प्ले'ला 'स्वॅप' द्यावे. फॉन्ट उतरेपर्यंत मोबाइलमधल्या अक्षरांत मजकूर वाचता येतो. ओळींतले अंतर अक्षराच्या किमान दीडपट, शक्यतो १.६ पट असावे. नाहीतर वरच्या ओळीतल्या 'उद्धृत'चा ऋकार खालच्या 'मूर्ती'च्या रफाराला भिडतो. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवावी. सोय असलेल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे दिसतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आधी रूपांतरित करावा. तो शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकांचे वाचन-सॉफ्टवेअर तो नीट वाचू शकत नाही. नोटिशीचा नुसता फोटो टाकला, तरी हीच अडचण.

४. अर्ज सुटसुटीत करावेत. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडावा, देवनागरी आकडेही स्वीकारावेत. चूक झाली तर सूचना त्याच रकान्याशेजारी मराठीत दाखवावी. एका चुकीपायी भरलेला सगळा अर्ज पुसणे हा वाचकाच्या वेळेचा अपमान आहे. बटणे बोटाच्या आकाराची हवीत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा.

५. शेवटी माणसाकडून तपासून घ्यावे. संकेतस्थळ कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला एकच काम सांगावे, उदाहरणार्थ 'चौकशीचा फोन नंबर शोधा', आणि शेजारी गप्प बसावे. ती जिथे अडखळते, ती जागा लिहून ठेवावी आणि दुरुस्त करावी. त्यानंतर पुन्हा मोजमाप घ्यावे. चाचणीतले गुण लगेच बदलतात. प्रत्यक्ष वाचकांची आकडेवारी मात्र मागील २८ दिवसांची असते, म्हणून ती महिनाभराने पाहावी.