जहाजावर निघालेल्या पुतण्यासाठी

लेकरा, तुझा बाप गावभर सांगत सुटलाय की आमच्या पोराला पाण्याची भीती नाही, कंबरेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलाय. विहिरीला काठ असतो आणि काठावर कुणीतरी उभं असतं. समुद्रात पोहण्याचा उपयोग थोडाच.

नोकरी लावणाऱ्या एजंटापासून सुरुवात कर. त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, विचार आणि तो डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत स्वतः शोध. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. मागितले तर उठून ये.

आता माल. किनाऱ्या-किनाऱ्यानं चालणाऱ्या जहाजावर बहुतेक वेळा कोळसा किंवा लोखंडाच्या खनिजाची भुकटी असते. ओली भुकटी वरून कोरडी दिसते, पण जहाज हलत राहिलं की आपल्या काळ्या रानासारखा तिचा चिखल होतो. तो सगळा एका बाजूला सरकतो आणि जहाज कलतं. 2009 च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ बुडाली, दोन्हींत लोखंडाच्या खनिजाची भुकटीच होती. जुने लोक एक परीक्षा करतात: डबा मालानं अर्धा भरायचा, वीतभर उंचीवरून कडक फरशीवर पंचवीसेक वेळा आपटायचा. वर पाणी आलं की चीफ ऑफिसरला गाठायचं. पाणी नाही आलं म्हणून माल चांगलाच, असंही धरायचं नाही. वजन सरकलं की काय होतं, ते 17 जुलै 1947 ला ‘रामदास’ बोटीवर दिसलं. लाट आली, प्रवासी घाबरून एका अंगाला धावले आणि रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली.

हॅचची, म्हणजे मालाच्या कोठाराच्या तोंडावरची, झाकणं आणि त्यांचं रबर बघत जा. वादळात भगदाड पडून बुडणारी जहाजं कमी, झाकणातून थेंबथेंब पाणी घेत बुडणारी फार. हे माझं मत, मी इंजिनात बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळात साचलेलं, पाणी उपसत आयुष्य काढलंय.

17 मे 2021 ला तौक्ते वादळात बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राजवळ ‘पी-305’ बार्जचे नांगर सुटले. बार्ज प्लॅटफॉर्मला धडकला आणि बुडाला. 261 जण होते, 186 वाचले. ‘वरप्रदा’ टगवरच्या 13 पैकी दोघंच. वादळाची सूचना आधीच आली होती. म्हणून हवामान खात्याचा इशारा तू स्वतः वाच. ‘साहेब बघतील’ म्हणून झोपू नकोस.

जीव वाचवायच्या राफ्टच्या डब्यावर तपासणीची तारीख असते, दरवर्षी व्हायला हवी. चढल्या दिवशीच बघ. लाइफ जॅकेटची शिट्टी आणि दिवा चालतो का तेही. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की सामान सोडून मस्टर स्टेशनवर, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागी. उडी मारायची वेळ आलीच तर एका हातानं नाक, दुसऱ्यानं जॅकेट घट्ट, पाय खाली, नजर समोर. कपडे काढायचे नाहीत. पाण्यात एकटा पोहत सुटू नकोस. पी-305 चे लोक हातात हात धरून तरंगत राहिले, नौदलाला घोळका दिसतो, एकटं डोकं दिसत नाही.

मदत मागायला उशीर नको. जून 2021 मध्ये रेवदंड्याजवळ ‘एमव्ही मंगलम’ मालवाहू जहाज अर्धं पाण्याखाली गेलं. जहाजावरून फोन वेळेत गेला, तटरक्षक दलानं बोट आणि हेलिकॉप्टर लावून सोळाच्या सोळा बाहेर काढले. त्यांचा नंबर 1554, पाठ कर.

आणि आईला नुसतं ‘मुंबईला कंपनीत’ सांगून जाऊ नकोस. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक) असेल तर तो, एजंटाचा पत्ता, सगळं वहीत लिहून तिच्याजवळ दे. जहाज बदललं की त्याच दिवशी फोन करून तिला नवं नाव लिहायला सांग. लातूरहून गाडीत बसायच्या आधी हे उरकून घे.