गच्चीवरचे विमान

मुंबईच्या उपनगरांतील मुलांना विमानाचे फारसे नवल वाटत नाही. घाटकोपरच्या वस्तीवरून तर विमाने इतकी खालून जातात की, त्यांची चाकेही स्पष्ट दिसतात. पण याच उपनगरांपैकी एका ठिकाणी, कांदिवलीच्या चारकोप भागात, लोकांनी एक निराळेच विमान पाहिले. ते आकाशात नव्हते. एका रहिवासी इमारतीच्या गच्चीवर होते! जेथे एरव्ही पापड वाळतात आणि संक्रांतीला पतंग उडतात, तेथे ठोकाठोक आणि जोडकाम चालले होते.

हे विमान बांधणारे गृहस्थ म्हणजे कॅप्टन अमोल यादव. ते व्यवसायाने वैमानिक. विमान चालवणे त्यांना ठाऊक होते. पण आपण स्वतः विमान घडवावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांचे पहिले दोन प्रयत्न फसले. ती विमाने उडू शकली नाहीत. तरी त्यांनी हातपाय गाळले नाहीत. घरच्या माणसांची साथ घेऊन त्यांनी तिसरे विमान हाती घेतले. सुमारे सहा वर्षांच्या श्रमानंतर सहा आसनांचे ते विमान उभे राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी ते लोकांना पाहावयास मिळाले.

मुलांनो, हे वाचून तुमच्यापैकी कोणाच्या मनात येईल, ‘आपणही असे एखादे विमान का बांधू नये?’ हा विचार मुळीच हास्यास्पद नाही. जगात अनेकांनी आपल्या हातांनी विमाने बांधली आहेत. परंतु करवत हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : विमान कोणत्या आराखड्याचे बांधावे? सारे यशापयश बहुधा या एका निवडीवर अवलंबून असते.

विमान उडते कसे, ते आधी पाहू. वाऱ्यात एक पुठ्ठा आडवा धरा. त्याची वाऱ्याकडील कड किंचित वर करा. पुठ्ठा वर उचलला जातो असे तुम्हांला जाणवेल. विमानाचे पंखही हेच करतात. ते हवेला खाली लोटतात आणि हवा त्यांना वर उचलते. मात्र त्यासाठी विमान पुढे धावले पाहिजे. एंजिन त्याला पुढे ओढते, हवा त्याला मागे रोखते. पंख त्याला वर उचलतात, वजन त्याला खाली खेचते. या चार बलांचा मेळ बसला, म्हणजेच विमान आकाशात स्थिर राहते.

आता एक साधा हिशेब करा. एखाद्या विमानाची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते. पण वजन मात्र साधारणपणे आठपट होते. चौपट पंखांनी आठपट भार उचलायचा, म्हणजे अधिक वेग हवा, अधिक शक्तीचे एंजिन हवे, अधिक लांब धावपट्टी हवी. म्हणूनच घरी विमान बांधणारे बहुतेक लोक एका माणसापुरते, अगदी हलके विमान निवडतात. अमेरिकेत १९८२ साली अशा अतिहलक्या विमानांसाठी नियम करण्यात आले. एंजिन असलेल्या अशा विमानात आसन एकच असावे आणि माणूस व इंधन वगळता त्याचे वजन सुमारे ११५ किलोग्रॅमपेक्षा कमी असावे, असे तो नियम सांगतो. आपल्याकडील एखादी मोटारसायकलही याहून जड असते!

असे चिमुकले विमान प्रथम घडवणाऱ्यांत आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांचे नाव अग्रभागी आहे. ते मूळचे ब्राझीलचे, पण त्यांचे प्रयोग पॅरिसमध्ये चालत. १९०७ साली त्यांनी बांबूचा सांगाडा आणि रेशमी कापडाचे पंख असलेले एक लहानसे विमान बनवले. त्याला त्यांनी दिलेल्या फ्रेंच नावाचा एक अर्थ ‘तरुणी’ आणि दुसरा अर्थ ‘चतुर’, म्हणजे पावसाळ्यात गवतावर भिरभिरणारा तो कीटक. पुढे १९०९ पर्यंत त्यांनी त्यात सुधारणा केल्या. त्यांनी आपल्या शोधाचे हक्क राखून ठेवले नाहीत. ज्याला हवे त्याने ते विमान बांधावे, अशी मोकळीक दिली. मात्र सांतोस-द्युमाँ अंगाने लहानखुरे होते आणि ते विमान त्यांच्या बेताचे होते. धिप्पाड मनुष्य त्यात बसला असता तर सारा हिशेब बदलला असता. दुसऱ्याचा आराखडा घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट आँरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थांची. त्यांनी १९३३ साली एक अगदी सोपे विमान उडवून दाखवले आणि ते कसे बांधावे, याचे पुस्तक पुढील वर्षी प्रसिद्ध केले. विमानाचे नावही गमतीदार होते : ‘आकाशातील ऊ’! ज्याला लाकडी पेटी ठोकता येते त्याला हे विमान बांधता येईल, असा त्यांचा विश्वास होता. फ्रान्स व इंग्लंडमध्ये शेकडो लोक कामाला लागले. परंतु थोड्याच काळात अपघात होऊ लागले आणि काही उत्साही माणसे प्राणांस मुकली. तेव्हा १९३६ साली ते विमान मोठ्या वातबोगद्यात ठेवून त्याची परीक्षा घेण्यात आली. त्याचे दोन पंख एकामागे एक असे जवळजवळ होते. विमानाचे नाक फार खाली झुकले की, पुढच्या पंखामुळे मागच्या पंखावरील हवेचा प्रवाह बदलत असे आणि विमानाला पुन्हा सरळ होता येत नसे. दोष कळला आणि पुढील आराखड्यांत तो दूर करण्यात आला. पण गेलेले प्राण परत आले नाहीत. बांधण्यास सोपे असलेले विमान उडवण्यास निर्धोक असतेच असे नाही, हा धडा जगाला फार मोठी किंमत देऊन मिळाला.

म्हणून शहाणा माणूस आराखडा निवडताना स्वतःला काही प्रश्न विचारतो. या आराखड्याची विमाने पूर्वी किती उडाली आणि ती कशी उतरली? लागणारे लाकूड, धातू व कापड खात्रीचे मिळेल काय? विमानाचे तोल राखणारे गुरुत्वमध्य कोठे येते? आपल्याला जे काम येत नाही ते शिकवणारा कोणी आहे काय? आणि ते उडवावे कोठे? उपनगरांत जुहूची धावपट्टी आहे. याच जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या छोट्या विमानातून उतरले होते. पण घरी बांधलेले नवे विमान दाट वस्तीवर नेऊन पाहणे योग्य नव्हे. प्रयोग करणाऱ्याने आपला जीव धोक्यात घालणे जितके वाईट, त्याहून खाली राहणाऱ्या निरपराध लोकांचा जीव धोक्यात घालणे अधिक वाईट.

यासाठीच सरकारची परवानगी आवश्यक असते. यादवांचे विमान गच्चीवर तयार झाले, तरी ते लगेच उडाले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. प्रत्येक भारतीय विमानाच्या नोंदणी-चिन्हाच्या आरंभी असणारी ‘व्हीटी’ ही अक्षरे त्यालाही मिळाली. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला. २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी-उड्डाण झाले. गच्चीपासून आकाशापर्यंतचे अंतर किती थोडे! पण ते ओलांडण्यास किती वर्षे लागली पाहा.

मुलांनो, तुम्ही आज खरे विमान बांधू शकणार नाही. पण आरंभ मात्र आजच करू शकाल. वहीच्या कागदाचे विमान करा. ते नाक वर करून मागे पडत असेल, तर नाकाला एक लहानशी क्लिप लावा. ते नाकावर आपटत असेल, तर क्लिप थोडी मागे सरकवा. प्रत्येक वेळी काय बदलले आणि काय घडले, ते वहीत लिहून ठेवा. कागदाचे विमान दहादा पडले तरी कोणाची हानी होत नाही. आणि दहा वेळा पडलेल्या विमानाकडून जे शिकायला मिळते, ते खऱ्या विमानात बसणाऱ्याचे रक्षण करते.

शब्दार्थ

ध्यास – सतत लागलेली ओढ. हातपाय गाळणे – धीर सोडणे. आराखडा – नियोजित रचनेचे चित्र व मापे. गुरुत्वमध्य – ज्या बिंदूवर वस्तूचा सर्व भार एकवटलेला मानतात तो बिंदू. वातबोगदा – जोराचा वारा सोडून विमानाची परीक्षा घेण्याचा बोगदा. निर्धोक – धोका नसलेले.

स्वाध्याय

१. विमानावर कार्य करणारी चार बले कोणती?
२. विमानाची सर्व मापे दुप्पट केल्यास कोणत्या अडचणी येतात?
३. ‘आकाशातील ऊ’ या विमानात कोणता दोष होता? तो कसा उघडकीस आला?
४. ‘सोपे ते निर्धोक असतेच असे नाही.’ तुमच्या रोजच्या व्यवहारातील एक उदाहरण देऊन हे विधान स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : हातपाय गाळणे, प्राणांस मुकणे, ध्यास लागणे.