ऑनलाइन डॉक्टर : फी, बिल आणि क्लेम

सर्दी-तापासाठी किंवा रिपोर्ट दाखवायला आधी ई-संजीवनी उघडा. सेवा सरकारी, फी शून्य. मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन, मग व्हिडिओ कॉल. प्रिस्क्रिप्शन तिथूनच डाउनलोड करून घ्या.

नेहमीचेच डॉक्टर हवेत? मग फी द्यावी लागेल. ठाण्यात असो की डोंबिवलीत, दवाखान्यातली फी व्हिडिओवरही घेता येते. रिपोर्ट आल्यावरचा दुसरा कॉल त्यातच धरलाय का, हे व्हॉट्सॲपवर विचारून ठेवा. तोंडी नको. गुंगीची, नशेच्या यादीतली औषधं ऑनलाइन लिहून मिळत नाहीत. त्यासाठी कॉलची फी भरू नका, थेट दवाखाना गाठा.

ॲपवरून बुकिंग केलंत, तर बिलाच्या खालच्या ओळी वाचा. डॉक्टरांच्या फीवर जीएसटी नाही, ॲपच्या सुविधा शुल्कावर लागू शकतो. समजा फी 600 आणि शुल्क 50 आहे. 18 टक्के फक्त 50 वर, म्हणजे 9 रुपये. एकूण 659. बिल 767 चं आलं, तर कर सगळ्या रकमेवर लावलाय. पैसे भरण्याआधी हटका. आधीच टिक करून ठेवलेलं सभासदत्वही काढून टाका.

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टरांनी पावती द्यायची असते आणि तिच्यावर नोंदणी क्रमांकही हवा. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आई कल्याणला, मुलगा ठाण्याला; खातं मुलाचं, म्हणून बिलही मुलाच्या नावावर. क्लेम तिथेच अडकतो. बुकिंगआधी आईला पेशंट म्हणून जोडा. प्रिस्क्रिप्शनवर निदान लिहून घ्या. नुसतं ‘फॉलोअप’ असेल तर शंका निघतेच. आजाराचा आयसीडी कोड टाकणं बिलिंगवाल्यांचं आणि क्लेम हाताळणाऱ्या टीपीएचं काम, त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

पॉलिसीत डॉक्टरांची फी मिळत असेल, तर ऑनलाइन सल्ल्याचीही मिळायला हवी. विमा नियामक इर्डाने जून 2020 मध्येच तसं विमा कंपन्यांना सांगितलंय. साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बहुधा नसते. पण ॲडमिट होण्याआधीचे, साधारण 30 दिवसांतले, आणि डिस्चार्जनंतरचे, साधारण 60 दिवसांतले, त्याच आजाराचे कॉल बऱ्याच पॉलिसींत बसतात. लोक हे पैसे सोडून देतात. तुम्ही सोडू नका. नेमके दिवस पॉलिसीत बघा.

साठीपुढच्या आई-वडिलांचा विमाच नसेल, तर पावत्या जपा. जुन्या करपद्धतीत 80डी खाली वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतचा औषधोपचाराचा खर्च वजा होतो. रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत.

ॲपने जास्त पैसे कापले तर 1915 वर फोन करा. क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.