हात कोणाचा, शब्द कोणाचे? न बोलणाऱ्या मुलांचं टायपिंग आणि आपण



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि दुसऱ्याच दिवशी एक आई मोबाईल हातात घेऊन वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. तिचा मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात आहे. वय अकरा, स्वमग्न. 'म्मा' आणि एक लांब हुंकार, यापलीकडे तोंडातून शब्द नाही. "बाई, हा लिहायला लागला!" ती म्हणाली आणि तिचा आवाजच फुटेना.

व्हिडिओ पाहिला. शहरातल्या एका केंद्रात सुट्टीत ती त्याला घेऊन गेली होती. तिथली शिक्षिका एका हाताने अक्षरांची पाटी धरून बसलेली, दुसऱ्या हाताने मुलाचं कोपर. त्याचं बोट पाटीवर एकेक अक्षर दाखवतं आणि त्या मोठ्याने वाचतात. इंग्रजी वाक्य तयार होतं : 'आय अंडरस्टँड एव्हरीथिंग'. मला सगळं समजतं. आई रडत होती, खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

रात्री मात्र झोप लागेना. या मुलाला वर्गात आम्ही मराठी मुळाक्षरं शिकवतो आहोत. जून ते ऑक्टोबर इतक्या महिन्यांत अकरा अक्षरं ओळखायला लागलाय. घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. मग 'एव्हरीथिंग'चं स्पेलिंग कुठून आलं? माझ्या वर्गातल्या चांगल्या घडाघडा बोलणाऱ्या मुलांना ते येत नाही! दुसरी गोष्ट, व्हिडिओ मी परत पाहिला तेव्हा दिसलं की बोट पाटीवर फिरत होतं आणि त्याचं लक्ष होतं पंख्याकडे. एका बोटाने टाइप करणारा माणूस, मग तो कितीही सराईत असो, अक्षरांकडे न बघता टाइप करू शकत नाही. तुम्हीच करून बघा.

म्हणून मग वाचायला बसले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण हा व्हिडिओ आज ना उद्या तुमच्याही शाळेच्या दारात येणार आहे.

ही पद्धत नवी नाही. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये सेंट निकोलस नावाच्या रुग्णालयात रोझमेरी क्रॉसली काम करत होत्या. तिथे अनेक बहुविकलांग मुलं वर्षानुवर्षं पडून असत. त्यांतल्या अ‍ॅन मॅकडोनल्ड या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचा हात धरून क्रॉसली यांनी तिला अक्षरं दाखवायला लावली. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७९ मध्ये अ‍ॅनला रुग्णालय सोडून जायची मोकळीक मिळाली. अशा जागेतून एक मुलगी बाहेर पडली, हे चांगलंच झालं. पण अक्षरं कोण दाखवत होतं यावर तेव्हापासून वाद आहे. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिकलेन यांनी हे काम पाहिलं, १९९० मध्ये त्यावर लेख लिहिला आणि बघता बघता अमेरिकेतल्या शाळाशाळांमध्ये ही पद्धत पसरली. 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' हे तिचं नाव. आपण 'हात धरून संवाद' म्हणू.

मग लोकांनी साधा प्रश्न विचारला. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि हात धरणाऱ्याला दुसरंच, पण दोघांनाही वाटू द्यायचं की चित्र एकच आहे. मग टाइप काय होतं? न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात १२ जणांवर असा प्रयोग झाला, १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोघांना वेगळी चित्रं दाखवली तेव्हा टाइप करणाऱ्याला दिसलेल्या चित्राचं नाव एकदाही आलं नाही. कितीतरी वेळा आलं ते मदतनिसाला दिसलेल्या चित्राचं! आणि गंमत म्हणजे त्या केंद्रातल्या लोकांना ही पद्धत खरी ठरेल अशीच आशा होती.

त्याच सुमाराची अमेरिकेतल्या मेन राज्यातली गोष्ट तर अंगावर काटा आणते. एका न बोलणाऱ्या किशोरवयीन मुलीच्या 'टायपिंग'मधून तिच्या घरच्यांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. बॉस्टनच्या बालरुग्णालयाचे हॉवर्ड शेन यांना तपासणीसाठी बोलावलं. त्यांनी मुलीला किल्ली दाखवली, हात धरणाऱ्या जॅनिस बॉयंटन यांना कप. टाइप झालं : कप. बॉयंटन शाळेत वाचा-उपचार करायच्या. त्यांनी ते काम सोडलं, आणि २०१२ मध्ये 'मला वाटत होतं ती बोलते आहे, पण ते सगळं मीच लिहीत होते' या आशयाचं स्वतः जाहीर लिहिलं. एका शिक्षिकेसारख्या बाईने एवढं कबूल करणं सोपं नाही हो. आज त्या या पद्धतीविरुद्ध लोकांना सावध करतात.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे ही माणसं लबाड असतात का? नाही. इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे लहानपणी कोणी ना कोणी प्लँचेट केलेलंच असतं. पाटावर अक्षरं, मध्ये वाटी, वाटीवर सगळ्यांची बोटं. वाटी सरकते. प्रत्येकजण शपथेवर सांगतो, मी ढकलली नाही. खोटं कोणीच बोलत नसतं. मनात उत्तराची अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत हलतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्येच, लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत आणि टेबल 'आपोआप' फिरे, तेव्हा प्रयोग करून दाखवलं होतं की टेबल हातच फिरवतात, पण हातांच्या मालकाला ते कळत नाही. मुलाचं कोपर धरलेल्या प्रेमळ हाताचं नेमकं हेच होतं.

काही केंद्रं म्हणतात, आम्ही मुलाला हातच लावत नाही, फक्त पाटी धरतो. 'रॅपिड प्रॉम्प्टिंग' पद्धतीत असं करतात. तिच्या प्रवर्तक सोमा मुखोपाध्याय आपल्या भारतातल्या. त्यांनी आपल्या स्वमग्न मुलाला, तितोला, कर्नाटकात असताना शिकवायला सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेत जाऊन हे काम वाढवलं. त्या आईच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण पाटी हवेत, दुसऱ्याच्या हातात असेल आणि तोंडाने सतत सूचना चालू असतील, तर बोट अक्षराकडे जातं की अक्षर बोटाकडे येतं? बर्लिनमधला 'हुशार हान्स' घोडा तुम्हाला माहीत असेल. गणिताची उत्तरं खुरांनी ठोकून द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी शोधलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलतं आणि घोडा तेवढ्यावर थांबतो. त्याला कोणी हात लावला नव्हता. अमेरिकेतल्या वाचा-भाषातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये या दोन्ही पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे.

हे सगळं त्या आईला कसं सांगायचं? तिने सहा महिन्यांची फी आगाऊ भरलेली. आणि फीपेक्षाही, अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं लेकरू तिच्याशी बोललं होतं.

मी व्याख्यान दिलं नाही. "ताई, एक छोटंसं करून बघू या का?" एवढंच विचारलं. एव्हाना केंद्रातून ती स्वतः कोपर धरायला शिकून आली होती. ती बाहेर थांबली. मी त्याला शाळेच्या आवारातला पेरू दिला, त्याने तो बिया-सकट खाल्ला. आई आत आली, पाटी धरली. मी विचारलं, "काय खाल्लंस रे?" बोट फिरलं. ती वाचत गेली, बी, ए, एन, ए... आणि तिथेच थांबली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डब्यात ती रोज केळं देते.

आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा तसंच. "शप्पथ बाई, मी ढकललं नाही हो," ती म्हणाली. मला माहीत होतं. मी तसं म्हटलंही. त्यानंतर आठ दिवस मुलगा शाळेत आला नाही आणि मी स्वतःला दोष देत राहिले. एखाद्याच्या हातातला दिवा विझवायचा अधिकार मला कोणी दिला? पण दुसरं मन म्हणे, उद्या या पाटीवर 'मला पोट दुखत नाही' असं आलं आणि त्याचं खरोखर दुखत असलं तर?

केंद्रवाले म्हणतात, अशी परीक्षा घेणं म्हणजे मुलावर अविश्वास. मला हे पटत नाही. परीक्षा मुलाची नसतेच, धरणाऱ्या हाताची असते. मुलाला काहीच कळत नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याला बरंच कळतं, म्हणूनच त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द नकोत.

नवव्या दिवशी ती आली. "मग आता काय करायचं ते सांगा."

आता हा भाग नीट वाचा, कारण टायपिंग वाईट नाही! न बोलणारी कितीतरी माणसं टाइप करून बोलतात. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं अनोळखी माणसाला कळत नाही. त्यांनी एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'वन लिटल फिंगर'. बोट त्यांचं. स्टीफन हॉकिंग गालाच्या एका स्नायूने संगणक चालवत. गाल त्यांचा. आधार द्यायचाच तर टेबलाने द्यावा, खुर्चीने द्यावा, कीबोर्डवर बसवलेल्या छिद्रांच्या पाटीने द्यावा, म्हणजे बोट शेजारच्या बटणावर घसरत नाही. पाटी टेबलावर किंवा स्टँडवर स्थिर हवी. मुलाचे डोळे अक्षरांवर हवेत. आणि जे मदतनिसाला माहीत नाही ते मुलाला सांगता यायला हवं. कुठल्याही केंद्रात पैसे भरण्याआधी एवढं बघून घ्या.

हाताने काहीच दाखवता येत नसेल तरी मार्ग आहे, आणि त्यात आपली वर्णमाला फार कामाची. जी मुलं अक्षरं शिकलेली आहेत पण भुवई किंवा डोळाच तेवढा हलवू शकतात, त्यांच्यासाठी आपण ओळी म्हणायच्या : क, च, ट, त, प, य. मुलाने खूण केली की त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची, मग बाराखडी. 'पाणी' लिहायचं तर प ची ओळ, पहिलं अक्षर, बाराखडीतलं दुसरं. मग ट ची ओळ, पाचवं अक्षर, बाराखडीतलं चौथं. इंग्रजीला असे वर्ग कुठे आहेत? आपल्या पूर्वजांनी हे कोष्टक जणू आधीच आखून ठेवलंय. फक्त खूण मुलाची स्पष्ट हवी, आणि 'पा' आल्याबरोबर 'पाणी ना?' असं आपणच पुढे पळायचं नाही. विचारायचं, थांबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. मला स्वतःला हे दहा आकडे मोजणं फार जड जातं. शिक्षकांना शांतता सहन होत नाही.

आमच्या मुलाला मात्र अक्षरांची घाई नव्हती. गटसाधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षकांनी सुचवलं, चित्रांपासून सुरुवात करा. पुठ्ठ्यावर त्याच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो चिकटवले. पाण्याचा तांब्या, चप्पल, झोका, 'नको'ची लाल फुली. आपण बोलताना आपणही त्या फोटोवर बोट ठेवायचं, म्हणजे ही सुद्धा बोलायची भाषा आहे हे त्याला दिसतं. मोबाईलवर करायचं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मराठीतही आहे. चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल अशी भीती बऱ्याच आजीआजोबांना वाटते. संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतंच. आणि कोणी मुख्याध्यापक 'हे कुठल्या नियमात बसतं' म्हणाले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच अशा पूरक आणि पर्यायी पद्धती आहेत, ते दाखवा.

पहिले दोन महिने काही झालं नाही. फोटो चावून ओले व्हायचे, आम्ही परत छापायचो. आई चिडायची, "तिकडे वाक्यं यायची बाई, इकडे तांब्यासुद्धा दाखवत नाही." मी गप्प बसायचे, उत्तर नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी, मधल्या सुट्टीत, मी दोन फोटो त्याच्यापुढे टेबलावर ठेवले. पेरू आणि केळं. त्याने पेरूवर बोट ठेवलं. जागा बदलून ठेवले. परत पेरू. मग केळ्याचा फोटो उचलला आणि लाल फुलीवर नेऊन दाबून धरला. दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं, मी बाहेर गेले आणि तिला एकटीला करायला लावलं. तेच झालं. कोपर कोणी धरलं नव्हतं.

"पाच वर्षं मी ह्याला केळं देतेय," ती म्हणाली. मग हसली आणि डबा उघडून केळं काढून घेतलं.